ब्रेबॉर्नहून मेलबर्नला: अरिना सबालेंकाची दुसरी सर्व्हिस

(दृश्य: चर्चगेट, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आवार, टेनिस कोर्ट)

ब्रेबॉर्न म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर क्रिकेटच येतं. पण याच आवारातल्या हार्ड कोर्टवर (कडक पृष्ठभागाच्या टेनिस कोर्टवर) नोव्हेंबर २०१७ मध्ये बेलारूसची एक एकोणीस वर्षांची मुलगी मुंबई ओपन जिंकून गेली. अंतिम सामन्यात तिने दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं सरळ हरवलं. ती मुलगी म्हणजे अरिना सबालेंका.

गेल्या आठवड्यात कोण जिंकलं, यावरून ग्रँड स्लॅमचे, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांचे, अंदाज बांधायची आपल्याला सवय आहे. पण तिथे दोन आठवड्यांत सात सामने जिंकावे लागतात. खरा फॉर्म ओळखायचा तर गेम ३०-३० असा बरोबरीत असताना पहिली सर्व्हिस चुकली, की दुसऱ्या आणि शेवटच्या संधीला खेळाडूचा हात काय करतो, ते बघावं.

सबालेंकाचा हात तिथेच अडखळायचा. २०२१ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, २०२२ मध्ये पुन्हा अमेरिकन ओपन: तीन उपांत्य सामने, तिन्ही तिसऱ्या सेटमध्ये हातचे गेले. २०२२ या एका वर्षात तिच्या डबल फॉल्टची (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावण्याची) संख्या ४००च्या वर गेली. ॲडलेडमध्ये तर तिच्यावर अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून, सर्व्हिस करायची पाळी आली. फोरहँड एवढा जबरदस्त, आणि चेंडू वर फेकायचीच धास्ती! मग तिने बायोमेकॅनिक्सच्या (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या) जाणकाराला गाठलं आणि सर्व्हिसची सगळी हालचाल नव्याने बसवली.

(दृश्य: मेलबर्न, जानेवारी २०२३)

ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना, समोर एलेना रिबाकिना. तिसरा सेट, ५-४, सर्व्हिस सबालेंकाची. पहिला मॅच पॉइंट, म्हणजे सामना जिंकायला एकच गुण हवा, आणि डबल फॉल्ट. पुढचे दोनही निसटले. तरी तिने हात आखडता घेतला नाही. चौथ्या मॅच पॉइंटला रिबाकिनाचा फोरहँड बाहेर गेला आणि सबालेंका कोर्टवरच आडवी झाली.

२०२३ ते २०२५ या तीन वर्षांत मेलबर्न (ऑस्ट्रेलियन ओपन) आणि न्यूयॉर्क (अमेरिकन ओपन) मिळून हार्ड कोर्टवर सहा ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. सहाही वेळा ती अंतिम फेरीत होती, त्यातल्या चार तिने जिंकल्या. हार्ड कोर्टवर ती लवकर बाहेर पडली, तर आम्हाला खरोखर धक्का बसेल.

पॅरिसचं, म्हणजे फ्रेंच ओपनचं, गणित वेगळं. २०२५ च्या अंतिम सामन्यात कोको गॉफविरुद्ध पहिला सेट जिंकूनही ती हरली. वारा सुटला होता, आणि तिच्या अनफोर्स्ड एरर, म्हणजे दबाव नसताना स्वतःहून केलेल्या चुका, ७० झाल्या. लाल मातीवर चेंडू मंदावतो, विजयी वाटणारा फटका परत येतो, मग आणखी एक मारावा लागतो. तिथे तिच्या ताकदीपेक्षा सबुरीची परीक्षा होते.

विम्बल्डनमध्ये २०२५ पर्यंत ती तीनदा उपांत्य फेरीत हरली आहे. तरीही ती पॅरिसच्या आधी विम्बल्डन जिंकेल, असा आमचा कौल. गवतावर चेंडू खाली राहतो, जोरकस सर्व्हिसला चटकन गुण मिळतो, आणि दुसऱ्या सर्व्हिसची ती जुनी भीती आता तिच्या हातात दिसत नाही.