यंत्रांसाठी मोबाइल नेटवर्क निवडताना

मित्रहो, आजच्या विषयाची सुरुवात मी एका झाकणापासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाण्याच्या मीटरला जोडायचे एक छोटे उपकरण तयार केले होते. दिवसातून एकदा वापराचा आकडा मोबाइल नेटवर्कवरून पाठवायचा आणि उरलेला वेळ झोपून राहायचे, एवढेच त्याचे काम. प्रयोगशाळेत ते व्यवस्थित चालले. जमिनीखालच्या चेंबरमध्ये उतरवून पाहिले, तिथूनही आकडा लगेच पोहोचला. आम्ही समाधानाने कागदावर सह्या केल्या आणि बसवणाऱ्या मंडळींनी काम आटोपून चेंबरवर बिडाचे झाकण सरकवले. आमच्या सगळ्या चाचण्या झाकण उघडे ठेवून झाल्या होत्या. पुढेही आकडे रोज येत राहिले, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंका कोणालाच आली नाही. दहा वर्षे टिकेल असे ज्या बॅटरीबद्दल आम्ही लिहून दिले होते, ती मात्र मुदतीच्या कितीतरी आधी संपू लागली.

रेंज गेली की माणूस फोन घेऊन खिडकीपाशी जातो, गच्चीवर जातो, फार तर वैतागून फोन बदलतो. यंत्राला जिथे बसवले तिथेच राहावे लागते, आणि आपल्याला त्रास होतो आहे हे सांगण्यासाठीही त्याला तीच कमजोर रेंज वापरावी लागते. शिवाय फोन तीन-चार वर्षांत बदलला जातो. मीटर, लिफ्टमधला धोक्याचा इशारा देणारा संच किंवा पंपाचा नियंत्रक दहा-पंधरा वर्षे जागचा हलत नाही. म्हणून यंत्रासाठी नेटवर्क निवडताना वेगाचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे ठाम मत आहे. त्याआधी विचारायचे ते हे, की यंत्र किती वर्षे जगणार, नेमके कुठे बसणार, हलणार की नाही, आणि त्याला विजेची तार मिळणार की बॅटरीवर दिवस काढावे लागणार.

आयुष्याचा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवला आहे. जीएसएम, म्हणजे टूजी, १९९१ साली फिनलंडमध्ये व्यावसायिक रूपात सुरू झाले आणि पुढे जीपीआरएसमुळे यंत्रांना थोडाथोडका डेटा पाठवण्याचा स्वस्त मार्ग मिळाला. जगभरातली लाखो मीटर, वाहने आणि अलार्म या मार्गाला लागली. मग अमेरिकेत एटी अँड टीने २०१६ च्या अखेरीस आपले टूजी बंद केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजीही. ऑस्ट्रेलियात थ्रीजी २०२४ साली संपले. जर्मनीत वेगळेच घडले. तिथे २०२१ मध्ये थ्रीजी बंद झाले आणि त्याहून जुने टूजी चालू राहिले, कारण साध्या आवाजी फोनइतकीच जुनी यंत्रेही त्यावर अवलंबून होती. म्हणजे ‘नवे ते टिकाऊ’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांना अपघात होताच आपोआप मदत मागणारी ‘ई-कॉल’ यंत्रणा सक्तीची झाली. तिची रचना टूजी आणि थ्रीजीच्या जुन्या आवाजी जोडणीवर केलेली होती. ज्या नेटवर्कचे दिवस भरत आले होते, त्याच्यावर नव्याकोऱ्या गाड्यांचा जीव टांगला गेला. आता ती यंत्रणा फोरजीवर आणावी लागत आहे.

फोरजीच्या कुटुंबात यंत्रांसाठी आज तीन प्रमुख वाटा आहेत. त्यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे कॅट-१. एलटीईच्या, म्हणजे फोरजीमागच्या तंत्राच्या, पहिल्याच आवृत्तीपासून ती मानकात आहे. खाली, म्हणजे टॉवरकडून उपकरणाकडे, १० मेगाबिट आणि वर, म्हणजे उपकरणाकडून टॉवरकडे, ५ मेगाबिट प्रतिसेकंद एवढा तिचा कमाल वेग असतो. मूळ कॅट-१ ला दोन अँटेना लागत, आणि लहान उपकरणात दोन अँटेना बसवणे ही मोठी डोकेदुखी असते. पुढे ‘कॅट-१ बिस’ आले आणि एका अँटेनावर भागू लागले. हिचा मोठा गुण असा, की ती साध्या फोरजी टॉवरवर चालते आणि कंपनीने वेगळी सोय केली आहे का, हे सहसा विचारावे लागत नाही. उपकरणाला विजेची तार उपलब्ध असेल, तर बहुतेक कामांसाठी मी आज डोळे झाकून हीच वाट सुचवीन. फोरजी असेपर्यंत ती असेल, आणि ज्या नेटवर्कवर कोट्यवधी माणसांचे फोन चालतात ते कोणी सहजासहजी बंद करत नाही.

बाकीच्या दोन वाटा खास यंत्रांसाठी आखलेल्या आहेत. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २०१६ मध्ये तेराव्या आवृत्तीत एलटीई-एम आणि एनबी-आयओटी या दोघांना एकाच वेळी मान्यता दिली. एलटीई-एमला रेडिओलहरींची सुमारे १.४ मेगाहर्ट्झची पट्टी लागते आणि कमाल वेग साधारण १ मेगाबिट प्रतिसेकंद मिळतो. ती आवाजी संभाषण चालवू शकते, आणि डेटा चालू असताना एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जोडणी सोपवू शकते. त्यामुळे मालवाहू पेटी, रुग्णाच्या अंगावरचे उपकरण किंवा लिफ्टमधला बोलण्याचा संच यांना ती शोभते.

एनबी-आयओटीची पट्टी त्याहून कितीतरी अरुंद, जेमतेम १८० किलोहर्ट्झची. एवढी जागा एलटीईच्या पट्ट्यात, त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत किंवा जीएसएमची एखादी वाहिनी रिकामी करूनही मिळू शकते. वेग काही दशक किलोबिटचा. जोडणी चालू असताना टॉवर बदलण्याची सोय नाही, म्हणून धावत्या गाडीत ती घालू नये. तिचे खरे बळ आहे ते जमिनीखाली आणि जाड भिंतींच्या आत पोहोचण्यात. जीपीआरएसमध्ये टॉवर आणि उपकरण यांच्यामधली संदेशाची घट साधारण १४४ डेसिबलपर्यंत चालत असे. एनबी-आयओटीने ती मर्यादा १६४ पर्यंत नेली. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट क्षीण संदेशही ऐकू येणे.

हे कसे साधते, ते समजून घेतले की झाकणाचा उलगडा होतो. यात जादू नाही, चिकाटी आहे. एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो आणि ऐकणारा त्या सगळ्या अर्धवट आवाजांची बेरीज करून अर्थ लावतो. उपकरणाकडून टॉवरकडे जाणारा संदेश जास्तीत जास्त १२८ वेळा आणि टॉवरकडून येणारा २०४८ वेळा उच्चारता येतो. गोंगाटाच्या मांडवात आपण कानाशी तोंड नेऊन एकच नाव चार-पाच वेळा सांगतो, तसेच हे. मात्र प्रत्येक उच्चाराला वीज लागते. झाकण उघडे असताना दहा सेकंदांत उरकणारे काम झाकण पडल्यावर मिनिटभर चालू लागते. आकडा पोहोचतो, म्हणून पडद्यावर सगळे आलबेल दिसते.

हिशेब मांडून पाहू. ८,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दहा वर्षे, म्हणजे ८७,६०० तास पुरवायची, तर उपकरणाचा सरासरी प्रवाह ९७ मायक्रोअँपिअरच्या आत राहायला हवा. पाठवताना २०० मिलिअँपिअर लागतात आणि रोज दहा सेकंद पाठवावे लागते असे धरले, तर त्याची दिवसभराची सरासरी २३ मायक्रोअँपिअर येते. झोपेतल्या प्रवाहाचे ५ धरले तरी एकूण २८. भरपूर उसंत आहे. तेच पाठवणे साठ सेकंदांवर गेले की सरासरी १४४ वर पोहोचते आणि बॅटरीचे आयुष्य पावणेसात वर्षांवर येते. शिवाय या कामासाठी वापरतात त्या लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटऱ्या जाता-येता मोठा झटका सहन करत नाहीत. दीर्घकाळ निजलेल्या बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह मागितला की तिचा विद्युतदाब क्षणभर कोसळतो आणि नेटवर्कशी बोलणारे मॉड्यूल बंद पडून पुन्हा पहिल्यापासून जोडणी शोधू लागते. म्हणून तिच्या जोडीला धारित्र, म्हणजे कपॅसिटर, लावतात. वीज वाचवण्याच्या नादात धारित्राचा खर्च वाचवणारे मी पाहिले आहेत आणि नंतर त्यांना पस्तावतानाही पाहिले आहे.

आता झोपेविषयी. यंत्राला खरी बचत मिळते ती गप्प राहण्यातून. बाराव्या आवृत्तीत आलेल्या पीएसएम या पद्धतीत उपकरण नेटवर्कला सांगते, ‘मी आता झोपतो, अमुक तासांनी उठेन’, आणि नेटवर्क त्याची नोंदणी जपून ठेवते, त्यामुळे उठल्यावर सगळी ओळखपाळख नव्याने करावी लागत नाही. मानकाप्रमाणे ही झोप चारशेहून अधिक दिवसांपर्यंत लांबू शकते. मात्र झोपलेल्या उपकरणाला बाहेरून हाक मारता येत नाही. गळती झाली की पाण्याचा व्हॉल्व्ह दुरून बंद करायचा असेल, तर पीएसएम कामाची नाही. तिथे ईडीआरएक्स वापरतात. त्यात उपकरण ठरावीक अंतराने कान टवकारते. एलटीई-एममध्ये हे अंतर सुमारे ४४ मिनिटांपर्यंत आणि एनबी-आयओटीमध्ये सुमारे तीन तासांपर्यंत वाढवता येते.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण ती माहितीपत्रकांत ठळक छापलेली नसते. उपकरण झोपेची वेळ फक्त मागते; देणे न देणे नेटवर्कच्या हाती असते. आपण चोवीस तास मागावेत आणि पलीकडून तीनच तास मंजूर व्हावेत, असे घडते. काही नेटवर्कांत पीएसएम असते आणि ईडीआरएक्स नसते. परक्या नेटवर्कवर रोमिंगमध्ये गेल्यावर दोन्ही नाहीशी होण्याची शक्यता असते. म्हणून उपकरणाच्या सॉफ्टवेअरने मागितलेला आकडा खरा मानू नये, मंजूर झालेला आकडा वाचावा आणि तोच रोजच्या अहवालासोबत पाठवावा. त्याच्या जोडीने रेंजची पातळी आणि त्या दिवशी पाठवायला लागलेले सेकंदही पाठवावेत. हे चार-सहा बाइट आमच्या पहिल्या उपकरणाने पाठवले असते, तर झाकणाची गोष्ट आम्हाला आठवड्याभरात कळली असती.

एनबी-आयओटी आणि एलटीई-एम यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद मी फार ऐकला आहे. कागदावर त्याचा निकाल लागत नाही; तो लागतो टॉवरवर. जपानच्या एनटीटी डोकोमोने एनबी-आयओटी सेवा सुरू करून २०२० मध्ये थांबवली आणि एलटीई-एम पुढे नेली. एटी अँड टीनेही २०२५ मध्ये एनबी-आयओटीला निरोप दिला. दुसरीकडे चीनमध्ये हीच वाट मीटर आणि सेन्सर यांच्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. फाइव्हजीच्या पट्ट्यातही या दोघांना जागा राहील अशी तजवीज मानकात आहे. पण मानक जिवंत असणे आणि आपल्या भागातल्या कंपनीने ती सेवा चालू ठेवणे, या दोन भिन्न बाबी आहेत. कंपनीकडून किती वर्षांची हमी मिळते ते लेखी घ्यावे, आणि हमी मिळत नसेल तर एलटीई-एम आणि एनबी-आयओटी दोन्ही जाणणारे मॉड्यूल घ्यावे. अशी मॉड्यूल सहज मिळतात.

फाइव्हजीतली यंत्रांसाठीची हलकी आवृत्ती, रेडकॅप, २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीत आली. ती २० मेगाहर्ट्झच्या पट्टीवर चालते. कॅमेरे आणि कारखान्यातली नियंत्रणे यांसाठी ती योग्य आहे. रोज शंभर बाइट पाठवणाऱ्या मीटरला तिची गरज नाही.

सिमकार्डाचा निर्णय नेटवर्कच्या निर्णयाइतकाच लांब पल्ल्याचा आहे. प्लास्टिकचे कार्ड कंपनाने आणि ओलाव्याने सैल होते, म्हणून यंत्रात ५ बाय ६ मिलिमीटरची चिप सर्किटच्या पाटीवर डाखून बसवतात. पण चिप डाखली म्हणजे कंपनी बदलण्यासाठी जागेवर माणूस पाठवूनही उपयोग नाही. ती बदलाची सोय दुरूनच हवी. यंत्रांसाठीच्या ई-सिमची जुनी पद्धत एसएमएसवर बरीच अवलंबून होती, आणि एनबी-आयओटीवर एसएमएस सगळीकडे मिळत नाही. जीएसएमए या संघटनेने २०२३ मध्ये एसजीपी.३२ हे नवे मानक दिले, ते नेमके अशा पडदा नसलेल्या, कमी विजेवरच्या उपकरणांसाठी. नवे काम हाती घेणाऱ्यांनी त्याचाच आग्रह धरावा.

राहिला सॉफ्टवेअर दुरून बदलण्याचा प्रश्न, आणि अरुंद पट्टीवर तो जड जातो. ५०० किलोबाइटची फाइल म्हणजे ४० लाख बिट. चेंबरच्या तळाशी प्रत्यक्ष वेग १ किलोबिट प्रतिसेकंदावर आला, तर ती उतरवायला ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागतो. घेताना ५० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर मघाच्या हिशेबाने शंभर दिवस आकडे पाठवण्याइतकी वीज एका फाइलीत जाते. म्हणून पूर्ण फाइल न पाठवता फक्त बदललेला भाग पाठवावा, मध्येच तुटली तर तिथूनच पुढे चालू होईल अशी रचना ठेवावी आणि सगळ्या उपकरणांना एकाच रात्री जागे करू नये. हजारो यंत्रे एकाच टॉवरकडे एकदम धावली की कोणाचेच काम होत नाही.

आमच्या त्या पहिल्या उपकरणात ही सोय आम्ही ठेवलीच नव्हती. दोष सापडला, उपायही साधा होता, रोजच्याऐवजी तीन दिवसांनी एकदा तीन दिवसांचे आकडे एकत्र पाठवायचे. त्यासाठी सॉफ्टवेअरच्या मोजक्या ओळी बदलायच्या होत्या. त्या बदलण्यासाठी प्रत्येक चेंबरचे बिडाचे झाकण दोन माणसांनी पहार लावून उचलले आणि खाली उतरून केबल जोडली.