हॉट रॉडला रस्त्याचा परवाना कसा मिळतो

मित्रहो, हॉट रॉड, म्हणजे इंजिनची ताकद वाढवून नव्याने घडवलेली जुनी गाडी, म्हटलं की बोनेट काढून टाकलेली, टप कापून बसकी केलेली, कडेला ज्वाळा रंगवलेली गाडी डोळ्यांपुढे येते. तिच्या रूपावर आणि आवाजावर पुष्कळ बोललं जातं. ती सरकारदरबारी गाडी म्हणून कशी उभी राहते, यावर मात्र कुणी बोलत नाही. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे. माझं म्हणणं असं, की गाडी कुणाची आणि कुठली हा एक प्रश्न, ती रस्त्यावर धोकादायक आहे का हा दुसरा. ज्या देशाचा कायदा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो, तिथेच अशा गाड्या जगतात.

इतिहास थोडक्यात. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. २२१ घनइंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, आणि ताकद ६५ अश्वशक्ती. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं हीच गाडी जुन्या बाजारातून उचलायची, वजन कमी करायची, इंजिनची ताकद वाढवायची आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर वेग मोजायला न्यायची. तिथल्या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद शहरांच्या रस्त्यांवर उतरला, अपघात वाढले, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. शर्यती रस्त्यावरून हटवून बंदिस्त पट्ट्यावर न्यायच्या आणि गाडी तपासल्याशिवाय सोडायची नाही, हे तिचं धोरण होतं. म्हणजे तपासणीची शिस्त या छंदावर फक्त वरून लादली गेली असं नाही. छंदिष्टांनी ती स्वतःहूनही लावून घेतली. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

आता पहिला प्रश्न, ओळखीचा. आज आपल्याला १७ अक्षरांचा चॅसिस नंबर सवयीचा झाला आहे, पण अमेरिकेत तो १९८१ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ चा नंबर १८ ने सुरू होतो आणि तो चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीवर ठोकलेला असतो. जुन्या अनेक गाड्यांत हा आकडा बॉडीखाली झाकला जातो, बॉडी उचलल्याशिवाय दिसतच नाही. कागदावर तर कित्येक ठिकाणी इंजिनचाच नंबर गाडीचा नंबर म्हणून चढवलेला असे. पुढे १९५५ मध्ये शेव्हरोलेचं आटोपशीर व्ही-८ आलं आणि जुनं इंजिन काढून ते बसवायची लाट आली. काढलेलं इंजिन भंगारात गेलं आणि गाडीची कायदेशीर ओळखही त्याच्याबरोबर गेली. सत्तर वर्षांनी कुणी नातू ती गाडी गोठ्यातून बाहेर काढतो, तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावरचा नंबर गाडीवर कुठेच सापडत नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो, पान्हा हातात घेण्याआधी कागद हातात घ्या. नंबर सापडला तर त्याचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. त्या जागेवर ग्राइंडर चालवू नका, सँडब्लास्टिंग करू नका, जाड रंगाचा थर देऊ नका. पुसट झालेला आकडा स्वतः पुन्हा ठोकायचा तर विचारही करू नका. हेतू कितीही स्वच्छ असला, तरी तपासणाऱ्याच्या नजरेला ती चोरीच्या गाडीची खूण दिसते, आणि त्याचं चुकत नाही. गाडी जप्त होऊ शकते. दुसरा मोह याहून वाईट आहे. बाजारात १९३२ च्या फोर्डच्या नव्या कोऱ्या फायबरच्या आणि पत्र्याच्या बॉडी मिळतात, नव्या चॅसिस मिळतात. त्यांवर कुठल्या तरी मेलेल्या गाडीचे कागद चढवायचे आणि गाडी जुनी म्हणून खपवायची, ही सरळ फसवणूक आहे. प्रामाणिकपणे घडवणारे लोक अशाच प्रकारांमुळे संशयाखाली येतात.

खरं तर खोटं बोलायची गरजच नसते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा गाडीला स्वतःचा रकाना आहे, ‘स्पेशली कन्स्ट्रक्टेड व्हेइकल’. कारखान्यात न बनलेली, विकण्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी सुट्या भागांतून घडवलेली, किंवा मूळ रूप ओळखू येणार नाही इतकी बदललेली गाडी या रकान्यात बसते. मालकाने मोटार वाहन खात्यात अर्ज आणि शुल्क भरायचं. बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स कुठून घेतले त्याच्या पावत्या जपायच्या. हायवे पोलीस नंबर पडताळून माल चोरीचा नाही याची खात्री करतात आणि गरज पडली तर गाडीला नवा नंबर देतात. ब्रेक आणि दिव्यांसह सुरक्षेच्या तपासणीचा दाखला वेगळा. धुराची तपासणी आणखी वेगळी, आणि ती ज्याच्याकडे होते त्या अधिकाऱ्याला चक्क ‘रेफरी’ म्हणतात.

धुराच्या बाबतीत तिथे केलेली तडजोड मला विशेष आवडते. दरवर्षी पहिल्या ५०० अर्जदारांना एक प्रमाणपत्र मिळतं. त्यावर मालक सांगू शकतो, की माझी गाडी बॉडी ज्या सालासारखी दिसते त्या सालाची समजा, किंवा इंजिन ज्या सालाचं आहे त्या सालाची समजा. बॉडी कुठल्याच गाडीसारखी दिसत नसेल तर १९६० साल धरतात. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना त्या राज्यात नियमित धूरतपासणी नाही, त्यामुळे १९३२ च्या तोंडवळ्याची गाडी सुटते. पण सुटणाऱ्यांची संख्या ५०० वर बांधलेली आहे. जानेवारी उजाडला की लोक रांगा लावतात. हवेचीही काळजी घेतली आणि छंदही मारला नाही, असा कायदा करायला डोकं लागतं.

आता दुसरा प्रश्न, थांबण्याचा. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक १९३९ मध्ये दिले. १९३२ च्या गाडीत लोखंडी दांड्या खेचून ब्रेक लागायचा. ६५ अश्वशक्तीला तो कसाबसा पुरायचा. त्याच चॅसिसवर तीनशे अश्वशक्तीचं इंजिन ठेवून तेच ब्रेक ठेवणं हा गुन्हा आहे, कायद्यात लिहिलेला असो वा नसो. जुन्या हॉट रॉडवाल्यांनी १९३९ चे ड्रम आणि सिलेंडर आणून बसवले, ते शहाणपणाचं होतं. आज मी त्याहून पुढे जायला सांगेन. ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलेंडर दोन सर्किटचा हवा, म्हणजे एक पाइप फुटला तरी दोन चाकं तरी धरतील. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण वळवल्यावर कशाला घासते का, ते जॅकवर घेऊन बघा. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनमधला सैलपणा हाताने चाक हलवून कळतो. पुढचा अॅक्सल बदलला असेल तर स्टेअरिंगचा दांडा आणि पाट्याची हालचाल जुळते का ते तपासा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या जवळून नेऊ नका. आणि दिवे! गाडी बसकी करण्याच्या नादात हेडलाइट इतके खाली येतात की नियमातच बसत नाहीत. कॅलिफोर्नियात ते जमिनीपासून किमान २२ इंच आणि जास्तीत जास्त ५४ इंचांवर हवेत. टेप घेऊन मोजा, मग ब्रॅकेट वेल्ड करा.

ब्रिटनने बरीच वर्षं वेगळी वाट धरली होती. तिथे गुण मोजत. मूळ चॅसिसला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. आठ गुण भरले तर जुना नंबर राहायचा, नाहीतर मूळ ओळख पटत नसल्याची खूण असलेली ‘क्यू’ची पाटी आणि स्वतंत्र तपासणी. इंजिनला सगळ्यांत कमी गुण आहेत, इकडे लक्ष द्या. गाडीची ओळख तिच्या सांगाड्यात असते, हे त्यांनी आकड्यांत मांडलं.

आणि आपल्याकडे? १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, बिगर-व्यावसायिक दुचाकी किंवा चारचाकी. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. जुना नंबर असलेल्यांना तो ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. नियम चांगले आहेत, मी त्यांचं स्वागतच केलं. पण अट अशी, की चॅसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे हॉट रॉड तिथे बसत नाही. साध्या नोंदणीकडे वळावं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. नंतरच्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

कलम ५२ मागचा हेतू मला मान्य आहे. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर आणि चाकांबाहेर आलेले रुंद टायर रोज आपण सगळेच सोसतो. पण आपला कायदा एकच प्रश्न विचारतो, गाडी मूळची तशीच आहे का? ती थांबते का, हा प्रश्न त्यात बुडून जातो. मूळचे दांड्यांचे ब्रेक असलेली गाडी नियमात बसते आणि तिला चांगले ब्रेक लावणारा माणूस घाबरत घाबरत कामाला हात घालतो.

कोल्हापूरच्या लेथवर कुठल्याही जुन्या गाडीचा भाग घडवणारे हात आपल्याकडे आहेत. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यातच आहे. वर्षाला शंभर गाड्या घ्या. मालकाने पावत्या आणि नकाशे द्यावेत, आरटीओने चॅसिस नंबर पडताळावा, एआरएआयने ब्रेक, स्टेअरिंग आणि दिवे तपासावेत, वापर छंदापुरता मर्यादित ठेवावा. हा कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे मागणी दिल्लीकडे करावी लागेल, आणि ती करणाऱ्यांच्या हातात तपासणीचा नमुना तयार हवा. तो मराठीत आणि इंग्रजीत लिहून काढायचं काम मी सुरू केलं आहे. ब्रेकचा भाग झाला आहे. सस्पेन्शन आणि वेल्डिंगच्या तपासणीसाठी मला तुमच्यातल्या कारागिरांची मदत हवी आहे. आज इथून जाण्याआधी मला भेटा.