साक्षीदार फौजी असला तरी

समोर बसलेल्यांत निम्मे तरी देवळाली कॅम्पचे रिटायर्ड फौजी दिसतायत, दोन-चार ओझरचेही असतील, म्हणून आधीच सांगून टाकतो, आकाशात यूएफओ, म्हणजे अनोळखी उडती वस्तू बघितली म्हणणाऱ्या कोणाला मी खोटं पाडायला आलेलो नाहीये. उलट मीच एकदा फसलोय. दिवस मावळल्यावर स्कूटरवरून त्र्यंबकला चाललो होतो, अंजनेरीच्या अंगाला डोंगरावर एक पांढरा झगझगीत दिवा. मी थांबलो की तोही थांबायचा, निघालो की सोबत निघायचा. मागून बायको म्हणते, अहो, ड्रोन आहे वाटतं, आपल्याच मागे लागलाय. शेवटी महिरावणीच्या पुढे चहाच्या टपरीवर विचारलं तर तो पोरगा म्हणाला, 'काका, शुक्राची चांदनी हाय ती, रोजच अस्ती.'

आता हेच उचलून लडाखला नेऊन ठेवा. २०१२ चा ऑगस्ट ते २०१३ चा फेब्रुवारी, पँगाँग सरोवराजवळ ठाकुंगला आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या, त्यातल्या १५५ वेळा ते दिवे एलएसी, म्हणजे चीनसोबतची प्रत्यक्ष ताबारेषा, ओलांडून आत आले असं लिहिलेलं. समोर चीन, मग ड्रोनशिवाय दुसरं काय डोक्यात येणार? शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला गाठलं, दिवे किती वाजता दिसतात आणि मागच्या ताऱ्यांच्या हिशोबाने कसे सरकतात ते त्यांना कळवलं, तर निघाले गुरू आणि शुक्र! त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीजवळ होता, डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे संध्याकाळी उगवला की रात्रभर वर, आणि शुक्र पहाटेचा.

हसू नका हो. ३२९ वेळा नोंद करणारा माणूस काही झोपा काढत नव्हता. पण उघड्या आकाशात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळतच नाही, इथे तोपखान्यातली मंडळी आहेत त्यांना विचारा, नुसत्या एका ओपीवरून, म्हणजे निरीक्षण चौकीवरून, तुम्हाला बेअरिंग म्हणजे दिशा मिळते, रेंजसाठी, म्हणजे अंतरासाठी, दुसरी ओपी लागते नाहीतर रेंजफाइंडर. आणि अंतर चुकलं की साईझ चुकली, स्पीड चुकला, सगळंच गेलं. त्यात अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून बसलात की तो हलायलाच लागतो, आज गच्चीवर करून बघा.

आता कोणीतरी अमेरिकेची निमिट्झची केस काढणारच. काढा, कारण ती केस या टाईपची नाहीये. १४ नोव्हेंबर २००४, दक्षिण कॅलिफोर्नियाजवळचा समुद्र, निमिट्झ या विमानवाहू जहाजाची दोन सुपर हॉर्नेट लढाऊ विमानं, चार माणसं, आणि भर दिवसा. सोबतच्या प्रिन्स्टन जहाजाच्या रडारवर आधीचे काही दिवस काहीतरी दिसत होतं म्हणून यांना तिकडे वळवलं. त्यातल्या एका विमानाचा पायलट कमांडर डेव्हिड फ्रेवर सांगतो, खाली पाणी खवळलेलं, त्याच्यावर टिक टॅक या पेपरमिंटच्या लांबट गोळीसारखी पांढरी, बिनपंखांची, साधारण ४० फुटी वस्तू. हा गोल फिरत खाली उतरायला लागला तशी ती वर चढायला लागली, आणि याने नाक तिच्याकडे वळवलं तर गायब! दुसऱ्या विमानातून अ‍ॅलेक्स डायट्रिच वरून बघत होती. म्हणजे दोन ओपी झाल्या की नाही? फक्त एक, यूट्यूबवर फिरतो तो व्हिडिओ या दोघांपैकी कोणाचाच नाही, नंतर उडालेल्या दुसऱ्याच विमानाचा आहे. पेंटॅगॉनने २०२० मध्ये तो अधिकृतपणे दिला आणि वस्तू 'अनोळखी' याच खात्यात ठेवली.

२०२३ च्या जुलैत अमेरिकन संसदेत फ्रेवरसोबत अमेरिकन हवाई दलाचा माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश याची पण साक्ष झाली, सरकारकडे माणसाने न बनवलेली यानं आहेत म्हणाला, हेडलाईन त्याचीच. पण त्याने स्वतः यान बघितलेलं नाही, दुसऱ्यांनी सांगितलेलं सांगितलं. मी तरी या दोघांना एका पंगतीत बसवणार नाही.

(इथे मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. 'मग आम्ही लेहला असताना जे बघितलं ते काय होतं?')

सांगतो ना, किती वाजता दिसलं? कुठल्या दिशेला? हात ताठ करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, तर डोंगराच्या कडेपासून किती मुठी वर होतं?

'मुठी कोण मोजतंय साहेब, थंडीत हात खिशाबाहेर निघत नव्हता!'