उंदीर, काठी आणि एरिक फोर्समन

काठीच्या टोकावर जिवंत उंदीर. वर फांदीवर काळ्याभोर डोळ्यांचं घुबड. खाली माणूस उभा आहे, याची त्याला फिकीर नाही. ते झेपावतं, उंदीर उचलतं, आणि मग धावपळ आपली. मादी घरट्यात असेल, तर नर शिकार घेऊन तिच्याकडेच जातो. पडलेल्या ओंडक्यांवरून उड्या मारत त्याच्यामागे पळायचं. उंदीर त्याने स्वतःच गट्ट केला, तर दुसरा द्यायचा. दरवेळी तेच झालं, तर बहुधा यंदा घरटं नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या जंगलांत स्पॉटेड आऊल, म्हणजे ठिपकेदार घुबड, वर्षानुवर्षं असंच शोधत आले. ही पद्धत बसवण्यात वन्यजीवशास्त्रज्ञ एरिक फोर्समन यांचा मोठा हात.

१९६८ साली, कॉलेजात असताना, ते वन खात्याच्या चौकीवर उन्हाळी नोकरीला होते. कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला. यांनीही तसाच आवाज काढला, तर घुबड अंगणात हजर! या पक्ष्याबद्दल तेव्हा फारच थोडी माहिती होती. पुढे मित्र रिचर्ड रेनॉल्ड्ससोबत शोधताना ध्यानात आलं, की घुबडं सापडतात ती शेकडो वर्षं जुन्या रानात, आणि तीच झाडं तोडीला निघालेली. रेडिओ ट्रान्समीटर लावल्यावर कळलं, एकेका पक्ष्याचा वावर सरासरी हजार हेक्टरांहून जास्त.

१९९० मध्ये घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं. ‘लाकूडतोड्या वाचवा, घुबड खा’ असे स्टिकर गाड्यांवर झळकले. राग समजण्यासारखा होता; कित्येक गावं सॉ मिलवरच जगत होती. १९९४ च्या योजनेने सरकारी जंगलांतली तोड बरीच आटोक्यात आणली.

घुबडं मात्र घटतच राहिली.

हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पायात रंगीत कडी घातलेला तोच पक्षी दरवर्षी शोधावा लागतो: यंदा आहे का, पिल्लं किती? फोर्समन यांनी चाळीसहून अधिक वर्षं हेच केलं. या नोंदींतूनच दुसरा शत्रू ठळक झाला. पूर्वेकडून पसरत आलेलं बार्ड आऊल, म्हणजे दुसऱ्याच जातीचं घुबड, अंगाने मोठं, भांडकुदळ, मिळेल ते खाणारं. थोड्या जागेतही त्याचं भागतं.

२०२४ मध्ये अमेरिकी सरकारने ३० वर्षांत सुमारे साडेचार लाखांपर्यंत बार्ड आऊल मारण्याची योजना मंजूर केली. फोर्समन यांना बंदुकीच्या या उपायाबद्दल आधीपासूनच शंका होती: एकदा सुरू केलं, की ते कायम करत राहावं लागेल.