अल्बम खरंच किती खपला? दाखल्यांचा हिशेब

(अमळनेर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझा धंदा दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचा. त्यामुळे आज जीएसटी ऐकावा लागणार अशा भीतीनं कुणी मागच्या बाकावर बसलं असेल, तर त्यानं पुढं यायला हरकत नाही. हिशेबच तपासायचा आहे, पण वही पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची आहे.

'द डार्क साइड ऑफ द मून' हा त्यांचा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. अमेरिकेत त्याच्या नावावर १५ प्लॅटिनम आहेत. एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती. म्हणजे दीड कोटी प्रती खपल्या, असं तुम्ही म्हणाल आणि चहाला जाल. मी म्हणतो, थांबा. हा आकडा साठेक लाखांनी कमी आहे आणि ते कागदोपत्री दाखवता येतं.

हे दाखले देते आरआयएए, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना. पहिली गोष्ट ध्यानात घ्या, दाखला आपोआप मिळत नाही. कंपनीनं अर्ज करायचा, फी भरायची, मग बाहेरचा हिशेब तपासनीस तिची कागदपत्रं बघतो आणि म्हणतो, हो, इतका माल गेला. कंपनीनं अर्जच केला नाही, तर अल्बम कितीही खपो, दाखल्यावरचा आकडा आहे तिथंच राहतो. 'डार्क साइड'ला १५ प्लॅटिनम जून १९९८ मध्ये मिळाले. पुढं वर्षानुवर्षं तो आकडा हलला नाही. अल्बम मात्र दर आठवड्याला विकला जातच होता.

अमळनेरात हे फार फोड करून सांगायला नको. १९४५ साली इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढं विप्रो झाली, आणि गावातल्या कितीतरी घरांतल्या ट्रंकेत तिचे शेअर होते. जुन्या कागदी सर्टिफिकेटवर छापलेला आकडा खोटा नव्हता, पण तो त्या तारखेचा होता. नंतरचे बोनस आणि विभागणी धरल्याशिवाय आज हातात किती शेअर आहेत ते कळायचं नाही. प्लॅटिनमचा दाखला असाच वाचायचा. 'इतके खपले' असं नव्हे, 'या तारखेपर्यंत निदान इतके' असं. आकड्याच्या आधी तारीख बघा, तारखेनंतर त्या काळचा नियम बघा.

नियम म्हणाल तर वेळोवेळी बदललेत. १९५८ मध्ये गोल्ड, म्हणजे प्लॅटिनमच्या खालचा दाखला, सुरू झालं तेव्हा मोजमाप प्रतींचं नव्हतं, पैशांचं होतं. दहा लाख डॉलरची विक्री झाली की गोल्ड. आता कंपनीचा भाव प्रतीमागं दोन डॉलर धरला तर पाच लाख प्रती लागतात, सव्वा डॉलर धरला तर आठ लाख. म्हणजे गोल्ड एकच, त्यामागच्या प्रती वेगळ्या. १९७५ पासून पाच लाख प्रतींची अट आली. १९७६ मध्ये दहा लाखांचं प्लॅटिनम आलं, आणि पहिलं प्लॅटिनम 'ईगल्स' या बँडच्या निवडक गाण्यांच्या अल्बमला गेलं. एकाहून जास्त प्लॅटिनम मोजायला १९८४ उजाडलं.

याचा फटका जुन्या अल्बमना बसला. 'डार्क साइड'ला गोल्ड एप्रिल १९७३ मध्येच मिळालं. पण प्लॅटिनम १९७६ पासूनच्या अल्बमसाठी होतं, म्हणून जवळजवळ सतरा वर्षं त्याच्या नावावर नुसतं एक गोल्ड. या काळात तो बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत ठाण मांडून होता. १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे! आणि मग १६ फेब्रुवारी १९९० रोजी एकदम ११ प्लॅटिनम. त्या दिवशी काही लोकांनी दुकानावर धाड घातली नव्हती. कागद त्या दिवशी तपासले, एवढंच.

आता दुसरी वही. मार्च १९९१ पासून अमेरिकेत साउंडस्कॅन नावाची पद्धत आली. दुकानात गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद. त्याआधी यादी कशी बनायची? दुकानदाराला फोन करून 'या आठवड्यात काय चाललंय' असं विचारून. साउंडस्कॅननं 'डार्क साइड'च्या विक्रीची नोंद २०१० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत सुमारे ९५ लाख दाखवली. हे ९५ लाख १९९१ नंतरचे. आधीचे त्यात नाहीत.

मग जोडा. फेब्रुवारी १९९० पर्यंत निदान १ कोटी १० लाख. मार्च १९९१ नंतर ९५ लाख. मधलं एक वर्ष कुठल्याच वहीत नाही, ते आपण भरायचं. १९९० ते १९९८ मध्ये दाखले ११ वरून १५ वर गेले, म्हणजे आठ वर्षांत ४० लाख, वर्षाला पाचेक लाख. मधल्या वर्षाला तेवढेच धरू. बेरीज २ कोटी १० लाखांच्या आसपास.

हिशेबवाल्या माणसाला एका बेरजेवर झोप लागत नाही, म्हणून दुसऱ्या वाटेनं ताळा करू. १९९८ चे दीड कोटी घ्या. पुढच्या पंधरा वर्षांत वर्षाला चार लाख प्रती गेल्या, तर ६० लाख भरतात. पुन्हा २ कोटी १० लाख. वर्षाला चार लाख ही उगीच फुगवलेली कल्पना नाही. साउंडस्कॅनचे ९५ लाख बावीसेक वर्षांवर वाटले तरी वर्षाला सव्वाचार लाखांच्या वरच येतात.

इथं हुशार विद्यार्थी हात वर करणार. सर, कंपनी मोजते दुकानाला धाडलेला माल आणि साउंडस्कॅन मोजतं गिऱ्हाइकानं घेतलेला. दोन्हींची बेरीज कशी करता? शंका रास्त आहे. १९७८ च्या सप्टेंबरात 'किस' या बँडच्या चौघांनी एकाच दिवशी आपापला स्वतंत्र अल्बम काढला. कंपनीनं प्रत्येकाच्या दहा लाखांवर प्रती दुकानांत ढकलल्या, चौघांनाही प्लॅटिनम मिळालं, आणि नंतर त्यांतला कितीतरी माल परत आला. नव्या अल्बमच्या दाखल्यावर म्हणूनच डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण सतरा वर्षं जुन्या अल्बमचं तसं नसतं. दुकानदार तो मागवतो, कारण आधीचा संपलेला असतो. कपाटात पडून राहिलेल्या प्रती कोटींच्या हिशेबात नगण्य. जुना अल्बम असेल तर मी धाडलेला माल आणि विकलेला माल यांत फार फरक धरत नाही.

उलट साउंडस्कॅन कमी मोजतं. अमेरिकेत टपालानं रेकॉर्ड पाठवणारे क्लब होते, एका पेनीत बारा अल्बम अशी जाहिरात करून सभासद ओढायचे आणि पुढचे पूर्ण भावानं गळ्यात मारायचे. त्यांची विक्री गल्ल्यावर येत नसल्यानं साउंडस्कॅनमध्ये नाही. म्हणून माझा अंदाज एकच आकडा नसून पट्टा आहे. फक्त अमेरिका, २०१० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत, २ कोटी ५ लाख ते सव्वादोन कोटी.

पद्धतीवर भरवसा ठेवावा का, हे बघायला पूर्ण मोजलेला अल्बम घ्यावा. 'मेटालिका' या बँडचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम ऑगस्ट १९९१ चा, म्हणजे पहिल्या दिवसापासून साउंडस्कॅनच्या नजरेखाली. २०१२ मध्ये त्याला १६ प्लॅटिनम मिळाले, आणि साउंडस्कॅननं १ कोटी ६० लाखांचा टप्पा २०१४ मध्ये नोंदवला. दोन स्वतंत्र वह्या, दीडेक वर्षाचं अंतर. क्लबची विक्री आणि कपाटातला माल धरला तर इतका फरक पडायचाच. मला तर हा ताळा फार समाधान देतो, घरच्यांना त्यात काय आनंद असतो ते कळत नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. पिंक फ्लॉइडचाच १९७९ चा 'द वॉल' २३ प्लॅटिनमवाला. तुम्ही म्हणाल 'डार्क साइड'पेक्षा मोठा. पण तो दोन तबकड्यांचा संच, आणि आरआयएए अशा संचाला दोन धरते (वेळेच्या अटी आहेत, त्यात शिरत नाही). म्हणजे विकलेले संच १ कोटी १५ लाख. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमचे २४ म्हणजे १ कोटी २० लाख. नेटवरच्या निम्म्या याद्या इथंच पाय घसरून पडतात.

जगाचा आकडा विचारू नका. 'डार्क साइड'साठी साडेचार कोटी असं सगळीकडे छापतात, पण त्यामागं देशवार बेरीज दिसत नाही. ब्रिटनमध्ये प्लॅटिनम तीन लाखांचं आहे, आणि २०१३ पासून विक्री नोंदली की दाखला आपोआप, अर्जाची भानगड नाही. ते मला आवडतं. जर्मनीत गोल्ड अडीच लाखांचं होतं, ते १९९९ मध्ये दीड लाखांवर आणि २००३ मध्ये एक लाखावर आलं. कॅनडात ५० हजारांचं २००८ मध्ये ४० हजारांवर. म्हणजे 'सात देशांत गोल्ड' या वाक्याला वर्ष सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

आणि आपण तर कुठल्याच वहीत नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत कुणाकडे तरी अस्सल कॅसेट असायची, ती जळगावच्या होस्टेलवर यायची, आणि मग दुकानात कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट देऊन भरून घ्यायची. भरणारा वर निळ्या बॉलपेनानं बँडचं नाव लिहायचा, स्पेलिंग त्याच्या मनाचं, आणि जागा उरली तर शेवटी दोन हिंदी गाणी आपणहून टाकायचा. त्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या गेल्या. पिंक फ्लॉइडच्या खात्यात त्यांची नोंद शून्य.

आता तुमच्या पिढीचं. फेब्रुवारी २०१६ पासून आरआयएए अल्बमच्या दाखल्यात नेटवरचं ऐकणंही मोजते. दीड हजार वेळा गाणं वाजलं की एक अल्बम विकल्यासारखं. हा हिशेब आपल्या अहिराणी गाण्याला लावून बघा. यूट्यूबवर एक कोटी व्ह्यूज म्हणजे लग्नाच्या वरातीत डीजे दुसरं काही वाजवत नाही. त्या दरानं अल्बम होतात साडेसहा हजारांच्या थोडे वर. (अर्थात ते मोजतात फक्त अमेरिकेतलं ऐकणं, त्यामुळे शिरपूर-साक्रीच्या वराती तिथंही बाहेरच.)

हाच दर उलटा वापरा. 'ईगल्स'चा तोच अल्बम २००६ मध्ये २९ प्लॅटिनम होता, ऑगस्ट २०१८ मध्ये एकदम ३८ झाला आणि मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या पुढं गेला. वाढ ९० लाखांची. सगळी ऐकण्यातून आली म्हणाल, तर अमेरिकेत ती गाणी १३५० कोटी वेळा वाजायला हवीत. अल्बममध्ये गाणी दहा. मला हे पचत नाही. सगळी विक्रीतून आली म्हणाल, तर सीडी मरत असलेल्या बारा वर्षांत वर्षाला साडेसात लाख प्रती. तेही जड जातं. कंपनीनं जुनी, कधी न दाखवलेली कागदपत्रं पुढं केली असतील तर दोन्हींची गरज कमी होते. कंपनी माझी अशील असती तर मी वर्षवार तक्ता मागितला असता.

मघाशी पुढच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, मंग 'बॅक इन ब्लॅक' खरा कितला?" एसी/डीसीचा तो अल्बम जुलै १९८० चा. २००७ मध्ये २२ प्लॅटिनम, २०१९ मध्ये २५. एक तबकडी, म्हणजे निम्मे करायची भानगड नाही. पण २०१९ च्या आकड्यात ऐकणंही मिसळलंय, म्हणून विक्री मोजायची तर पाया २००७ चा धरा. त्याच्याआधीचे दाखले तारखांसकट आरआयएएच्या संकेतस्थळावर सापडतात, फुकट. त्यांवरून वर्षाचा वेग काढा, आणि क्लबसाठी वर थोडी जागा सोडा. उत्तर पट्ट्यात लिहा, खाली देश आणि तारीख टाका. मी चहापर्यंत इथंच आहे.