घरच्या पान्यांवर चालती ठेवलेली विलीज जीप

[बोनेट उघडतं. इंजिन वरून.]

चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचं हे 'गो-डेव्हिल' इंजिन. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आराखडा एकच. फोर्डच्या गाडीत बोल्टच्या डोक्यावर 'एफ' हे अक्षर असायचं, आणि असेच काही बारीक फरक.

व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले. म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, असं सपाट दिसतं आणि प्लग थेट वरून हाताला लागतात. आघाडीवर, चिखलात, साध्या हत्यारांनी दुरुस्त व्हावं असंच हे घडवलंय. आज त्यात डिझेल इंजिन कोंबणारे याचाच विचार करत नाहीत.

[डिस्ट्रिब्युटरची कॅप निघते.]

सुरुवात इथून, प्रत्येक प्लगला पाळीनं ठिणगी पाठवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून. इग्निशन बंद. पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायचं, कॅमचा उंचवटा पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळीच्या, टाचेखाली येईपर्यंत. आता पॉइंटमधली फट बघा: ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी आत सरकावी, पण किंचित ओढ लागावी. पॉइंटच्या तोंडावर खड्डा आणि समोर टेंगूळ दिसतंय? घासून काम भागेल, पण खड्डा पुन्हा पुन्हा पडत असेल तर पॉइंटवरची ठिणगी शमवणाऱ्या कंडेन्सरकडे बघावं. प्लगची फट ०.०३० इंच. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२.

[मॅनिफोल्डच्या मागे हात जातो.]

हे अडचणीचं काम. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे दट्टे; त्यांचं झाकण मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या, मागे दडलंय. आठ टॅपेट, प्रत्येकाची फट इंजिन थंड असताना ०.०१४ इंच. एक पाना टॅपेट धरतो, दुसरा स्क्रू फिरवतो आणि पट्टी धरायला तिसरा हात सापडत नाही. फट जास्त राहिली तर टॅपेट वाजतो. कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नको.

[एअर क्लीनरचं भांडं.]

कागदी फिल्टर नाही, ऑइल बाथ आहे. हवा तेलावरून वळते, धूळ तेलात अडकते. तळाचा हा काळा गाळ बघा. हे सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं. भांडं पुसून खुणेपर्यंत नवं तेल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

[बॅटरी, जाड केबल.]

सहा व्होल्ट. जीप सुटायला कुरकुरली की लोक बॅटरीला नावं ठेवतात आणि सगळं वायरिंग बारा व्होल्टवर नेतात. गरज नसते. व्होल्टेज निम्मं, म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट, म्हणून केबल जाड लागते. कुणीतरी कधीतरी बारीक केबल टाकलेली असते, नाहीतर बॅटरीला गाडीच्या धातूशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज आणि रंग असतो. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावा. अर्धा व्होल्ट तिथेच गळत असेल, तर सहा व्होल्टांतला अर्धा व्होल्ट वाया गेला. पट्टी काढा, धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा. सेल्फचा जोर तिथेच बदलतो.

हेड उघडण्याचं काम या चित्रणात नाही. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, कोरडं खरवडू नये. इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने होज आणि पंपाचा पडदा खराब होतो. दोन्ही नवे टाकावेत. धूर कोंडू नये म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवावं.

[चोक ओढला जातो. सेल्फ.]

…

[इंजिन चालू.]

आधी ऑइल प्रेशरचा काटा. तो उठला नाही तर लगेच बंद. मग अ‍ॅमीटर: काटा सुरुवातीला चार्जकडे झुकतो, बॅटरी भरत आली की मध्याकडे येतो. इंजिन तापलं की चोक आत, आणि आयडल साधारण ६०० आरपीएमवर. शेवटी खाली वाकून बघायचं, पेट्रोल पंपाखाली आणि क्लच हाउसिंगखाली. पंपाखाली थेंबही नको. हाउसिंगखाली तेलाचा एखादा थेंब या इंजिनाला चालतो; धार लागली तर मागचं सील बघावं लागेल.