धडक कुणाची? शेवटच्या चार सेकंदांतली ती शिट्टी

नमस्कार मंडळी. मागे वाऱ्याचा आवाज येईल, कारण मालवणात बंदरावरच उभा आहे. गेल्या रविवारच्या सामन्यानंतर इथल्या चहाच्या टपरीवर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. आज तोच घेऊ.

सामना बास्केटबॉलचा, आमच्या पोरांचा. चार सेकंद उरलेले, आम्ही ५७-५६ ने पुढे. समोरचा गार्ड चेंडू घेऊन उजवीकडून आत घुसला, आमचा पोरगा आडवा गेला, दोघं धाडकन आपटले. शिट्टी. पंचांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, म्हणजे ब्लॉक. फाऊल आमच्या पोराचा! दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. ५८-५७. सामना हातातून गेला.

टपरीवर एकच कल्ला. "तो आधीच उभो होतो रे, पंचाक दिसूक नाय?" "तू गप रव, पाय हलत होते त्येचे!"

आमच्या कोर्टाच्या कडेला जांभ्याचा बांध आहे, त्याची तांबडी धूळ सगळीकडे बसते. एक जण मला ओढत परत कोर्टावर घेऊन गेला आणि मोबाईलचा टॉर्च मारून बुटांचे ठसे दाखवले. दोन पाय शेजारी शेजारी, तळव्याची नक्षीसुद्धा उमटलेली. "ह्यो बघ पुरावो." त्या ठशांकडे मी बराच वेळ बघत राहिलो. पण ठसा पाय कुठे होता ते सांगतो, कधी टेकला ते सांगत नाही. आणि या नियमाचा सगळा जीव त्या 'कधी'मध्ये आहे.

आता नियम. बचाव करणाऱ्याने समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकले की त्याची जागा कायदेशीर झाली. तिथून पुढे तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडीही मारू शकतो. "हलला म्हणजे फाऊल" हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकू येतं, ते चूक आहे. पुतळ्यासारखं उभं राहायची अट कुठेच नाही. अट वेगळी आहे. चेंडूवाल्याने शॉटसाठी उडी घेतली असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे फिबाच्या नियमांत, चेंडूवाल्याचे पाय जमीन सोडायच्या आधी बचाववाल्याने ती जागा घेतलेली हवी. आधी घेतली आणि धडक छातीवर आली, तर चार्ज, म्हणजे फाऊल चेंडूवाल्याचा. उडी निघाल्यावर खाली घुसला, तर ब्लॉक. हवेतल्या माणसाला वळायला जागा नसते, पडला तर पाठीवर पडतो. त्याच्यासाठीच हा नियम आहे.

कबड्डी बघत मोठे झालेल्या आपल्या कोकणी माणसाला हे समजायला काहीच जड नाही. चढाई करणाऱ्याचा पाय लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्ट्यात पडला. बाद की नाही? पंच एवढंच बघतात की स्पर्श आधी झाला की पाय आधी पडला. स्पर्श झालेला असेल तर लॉबी मैदानात धरली जाते, नसेल तर गडी बाद. तिथे "पाय पडला, पाय पडला" असं कितीही ओरडा, क्रम कळल्याशिवाय निकाल लागत नाही. बास्केटबॉलमधली ही धडक अगदी तशीच.

हे फक्त गावच्या सामन्यात होतं असं समजू नका. ३१ मे २०१८, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या फायनल्सचा पहिला सामना. शेवटचं मिनिट, क्लीव्हलँड १०४-१०२ ने पुढे. गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरांट आत घुसला, क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स आडवा आला, पंचांनी चार्ज दिला. मग रिप्ले बघितला आणि निर्णय उलटा फिरवून ब्लॉक दिला. ड्युरांटने दोन्ही फ्री थ्रो मारले, बरोबरी झाली, ओव्हरटाइममध्ये गोल्डन स्टेट १२४-११४ ने जिंकलं. एवढे कॅमेरे, जगातले अव्वल पंच, आणि त्यांनाही मैदानावर एक दिसलं, पडद्यावर दुसरं.

आमच्याकडे रिप्ले कुठला! दोन पंच. एक रिंगखाली, एक मागून येणारा. रिंगखालच्याने खांदे बघायचे, हात बघायचे, आणि त्याच क्षणी पायही बघायचे. आमची क्लिप एका काकूंनी बाजूने काढलेली आहे. टपरीवर सगळे ती धडकेवर थांबवत होते. धडकेच्या चौकटीत आमचा पोरगा उभाच दिसतो, मग भांडण मिटणार कसं? मी ती मागे नेली आणि गार्डचा शेवटचा पाय जमिनीवरून सुटतो तिथे थांबवली. बघा इथे, स्क्रीनवर. आमच्या पोराचा उजवा पाय टेकलेला आहे. डावा अजून हवेत, बुटाखाली प्रकाशाची फट दिसतेय. पुढच्या चौकटीत तो टेकतो. मोबाईलवर दोन चौकटींत सेकंदाचा तिसावा हिस्सा.

म्हणजे ठसे खरे, पण उशिरा उमटलेले. पंच बरोबर होते. रविवारी मीही त्यांच्यावर ओरडलो होतो, आणि त्यांना भेटून तसं सांगणार आहे.

तरी एक तक्रार मी सोडणार नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये याच रिंगखाली आमचा मुलगा उडी घेऊन वर गेला, त्यांचा खेळाडू नंतर सरकत आला, आणि तेव्हा चार्ज आमच्यावर दिला. तीही क्लिप मी अशीच थांबवून बघितलीय, दोन्ही पाय हवेत आहेत. एका सामन्यात एकच माप हवं. भांडायचं तर यावर भांडू या, ते भांडण रास्त आहे.

आणि न वाजलेली शिट्टी? ती जास्त छळते. जानेवारी २०२३, बॉस्टनमध्ये लेकर्सचा सामना, १०५-१०५, शेवटचा शॉट. तेव्हा लेकर्सकडून खेळणाऱ्या लेब्रॉनच्या हातावर बॉस्टनच्या जेसन टेटमचा फटका बसला, शिट्टी वाजलीच नाही. लेकर्स ओव्हरटाइममध्ये १२५-१२१ ने हरले आणि चूक झाल्याचं पंचांनी नंतर कबूल केलं. प्रशिक्षकाला आव्हान देता येतं ते वाजलेल्या शिट्टीला, न वाजलेल्या शिट्टीला नाही. एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल काढते, कुठला निर्णय चुकला तेही त्यात लिहिते. निकाल मात्र बदलत नाही.

आमचा तो पोरगा रोज संध्याकाळी कोर्टावर येतोय. मी चेंडू घेऊन आत घुसतो, तो डावा पाय आधी टाकायचा सराव करतो. काल दहापैकी सहा वेळा वेळेत पोचला.

तुमच्याकडेही अशा क्लिप असतील. वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी, अलिबाग, कुठूनही पाठवा, पुढच्या व्हिडिओत चौकट चौकट बघू. फक्त धडकेपासून कापू नका. तीन सेकंद आधीपासून पाठवा, आणि पाय दिसू द्या.